दिव्यांगांसाठी घोडेस्वारी सुरू करताय? आधी माणसं मोजा

असा उपक्रम काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी घोडा बघायला निघतात. तुम्ही आधी वही उघडा आणि दर शनिवारी सकाळी सात वाजता हमखास येतील अशा माणसांची नावं लिहून काढा. ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही अशा एका स्वारामागे तीन माणसं लागतात: घोड्याची दोरी धरणारा लीडर आणि दोन्ही बाजूंनी चालणारे दोन साइडवॉकर. शिकवणारा प्रशिक्षक वेगळा. मैदानात एका वेळी तीन घोडे फिरवायचे तर नऊ स्वयंसेवक झाले. कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाला ताप येतो, म्हणून बारा धरा. वहीत सहाच नावं भरली तर दोन स्वार घ्या. बाकीच्या मुलांना थांबायला सांगताना जीव तुटतो, पण ‘आज एकाच साइडवॉकरवर भागवू’ हे वाक्य मैदानावर कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

माणसं कुठून आणायची? कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सगळ्यात आधी आठवतात. त्यांना वर्षाला 120 तास काम करायचं असतं आणि त्यांच्यात उत्साह भरपूर असतो. मात्र परीक्षांच्या दिवसांत ते एकदम दिसेनासे होतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून निम्मी नावं निवृत्त मंडळी, गृहिणी, सकाळी मोकळे असणारे नोकरदार यांची असू द्या. प्रत्येकाला तासभर वाळूत चालायचं आहे, मध्येच हात वर धरून ठेवायचा आहे, हे आधीच स्पष्ट सांगा. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी खरारा करणं, हेल्मेट लावून देणं, हजेरी घेणं, पालकांशी बोलणं अशी भरपूर कामं असतात. लहान मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. एकट्या मोठ्या माणसानं मुलाला आडोशाला न्यायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. लैंगिक छळाची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे, हेही पहिल्याच बैठकीत सांगा.

प्रशिक्षणाचे पहिले दिवस स्वारांविना ठेवा. स्वयंसेवकालाच घोड्यावर बसवा, डोळे मिटायला सांगा आणि बाकीच्यांना त्याला सांभाळू द्या. खाली चालणाऱ्याचा हात किती घट्ट लागतो, किती उशिरा येतो, हे वर बसल्यावर चटकन समजतं. मग एकेक काम वाटून द्या. लीडरनं घोडा आणि पुढची वाट बघायची, मागे वळून स्वाराकडे बघायचं नाही. दोरीची घडी मुठीत धरायची, हाताला कधीही गुंडाळायची नाही. घोडा उधळला तर गुंडाळलेली दोरी माणसाला फरफटत नेते. साइडवॉकरची नजर फक्त स्वारावर. ज्याला आधार हवा त्याच्या मांडीवर आपला पुढचा हात आडवा ठेवून बोटांनी खोगिराची पुढची कड धरायची, कोपर घोड्याच्या कुशीत रुतू द्यायचं नाही. हात भरून आला की लगेच बोलायचं. घोडा थांबवून साइडवॉकर एकेक करून बाजू बदलतात, दोघं एकदम कधीच सोडत नाहीत. आणि स्वाराशी बोलायचं ते एकट्या प्रशिक्षकानं. स्वमग्न मुलाला तीन दिशांनी तीन माणसं ‘सरळ बस, शाब्बास, पुढे बघ’ म्हणू लागली की त्याला एकही सूचना कळत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: पूर्ण पँट, पुढून बंद बूट, केस बांधलेले. चप्पल, लोंबती ओढणी, मोठी कानातली, अत्तर नको. मोबाइल पिशवीत.

आता स्वारांचे कागद. इथे भिडस्तपणा महागात पडतो. डॉक्टरांचं लेखी पत्र आल्याशिवाय कुणालाही खोगिरात बसवू नका, मूल कितीही उतावीळ असो. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल आहेत का, याची तपासणी झालेली असावी. तिथे सैलपणा असेल तर घोड्याच्या साध्या हिसक्यानंही मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आटोक्यात न आलेली फिट, निखळलेला खुबा, कण्याचा जास्त बाक, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी औषधं, बैठकीच्या जागेवरची जखम, या प्रत्येकाबद्दल वेगळा प्रश्न विचारा. कमरेखाली संवेदना नसलेल्या स्वाराला खोगीर घासलेलं कळत नाही, म्हणून उतरल्यावर त्याची कातडी घरच्यांनी पाहायची, हे त्यांना समजावून सांगा. आणि पालकांना बरं होण्याचं वचन देऊ नका. फिजिओथेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतात तो भाग वेगळा, प्रशिक्षकानं स्वारी शिकवणं वेगळं. तुमच्याकडे काय मिळतं ते माहितीपत्रकात सरळ लिहा.

घोडा आता बघा. चालता घोडा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळवत हलवतो. आपण चालतो तेव्हा कंबर जवळपास अशीच हलते. कधीच न चाललेल्या मुलाला ही लय घोड्यावर बसून मिळते. यासाठीच तर एवढा खटाटोप करायचा. म्हणून लंगडणारा, पाय घासत चालणारा घोडा फुकट मिळाला तरी घेऊ नका. सारंगखेड्याच्या बाजारात नजर ठरणार नाही असे उमदे घोडे येतात, पण तुम्हाला नाचणारा घोडा नको. मध्यम वयाचा, संथ, पाठ निकोप असलेला घोडा हवा. साधारण 130 सेंटिमीटर उंचीचं भीमथडी तट्टू मला या कामाला फार आवडतं, कारण बुटक्या साइडवॉकरचा हातही स्वाराच्या कमरेपर्यंत पोचतो. उलट बाजूनं वजनाचा हिशेब कडक होतो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपुढे जायचं नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. 250 किलोच्या तट्टावर 50 किलो, खोगिरासकट. तोल नसलेला स्वार जड बसतो, तेव्हा त्याला त्याहून कमीच धरा. वजनकाटा दारातच ठेवा.

घोड्याला कुबड्या, व्हीलचेअर, उडणारे चेंडू, अचानक किंकाळी, हे सगळं आठवडे-आठवडे दाखवून सवय लावा. धनुर्वाताची लस, नालबंदाची दर सहा-आठ आठवड्यांनी फेरी आणि पशुवैद्यकाकडून ग्लँडर्सची तपासणी चुकवू नका; तो रोग माणसालाही होतो. डगमगणारं वजन वाहून घोड्याची पाठ आखडते. म्हणून एका सकाळी मोजक्याच फेऱ्या, नंतर मोकळं सोडणं आणि मधूनमधून चांगल्या स्वारानं त्याला फिरवून आणणं. कान मागे टाकून शेपूट झटकू लागला की त्या दिवसापुरतं त्याचं काम संपलं. मोतद्दार ‘आज याचं लक्षण बरं नाही’ म्हणाला तर वाद घालू नका.

सगळ्यात जास्त तयारी चढण्या-उतरण्याची लागते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं) रौप्यपदक जिंकलं, तरी घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना माणसं लागत. चढण्यासाठी पक्का ओटा बांधा. व्हीलचेअरसाठी उतार 1:12 हवा, म्हणजे 75 सेंटिमीटर उंच ओट्याला 9 मीटर लांब उतार, दोन्ही बाजूंना कठडा. घोडा ओट्याला खेटून उभा करायचा, पलीकडे दुसरा साइडवॉकर चौथऱ्यावर. लीडर घोड्याच्या समोर, तोंड घोड्याकडे. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पुन्हा एकदा तपासायचा. मग प्रशिक्षक स्वाराला हळूहळू बसवतो, पलीकडचा साइडवॉकर त्याचा पाय घोड्याच्या मानेवरून आपल्याकडे घेतो. पाय ताठ असेल तर ओढायचं नाही, थांबायचं. उबेनं आणि घोड्याच्या श्वासाबरोबर मांड्या बऱ्याचदा आपोआप सैलावतात. स्वाराला खोगिराला बांधायचं नाही, कितीही घसरत असला तरी. रिकिबी अशा हव्यात की पडताना पाय अडकणार नाही. डोक्यावर घोडेस्वारीचंच हेल्मेट. मोटारसायकलचं हेल्मेट कमकुवत मानेला पेलत नाही.

तातडीनं उतरवण्याचा सराव दर महिन्याला करा. फिट आली किंवा घोडा बिथरला की प्रशिक्षक एकच शब्द उच्चारतो. पाय रिकिबीतून मोकळे, एक साइडवॉकर स्वाराला कमरेत धरून आपल्याकडे घेतो, दुसरा पलीकडून पाय सोडवतो आणि लीडर घोडा पुढे काढतो. बाकीचे सगळे घोडे आहेत तिथेच थांबतात. प्रथमोपचार पेटी, जवळच्या रुग्णालयाचा नंबर आणि गेटची किल्ली कुणाकडे आहे, हे रोज सकाळी मोठ्यानं सांगा.

ऊन चढायच्या आत, नऊपर्यंत आटोपा. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या शरीराला उष्णता सोसत नाही. पावसाळ्यात निसरड्या मुरमावर सत्र रद्द, दिवाळीत फटाके फुटत असतील तरी रद्द. शेवटचा स्वार उतरला की घोड्याला पाणी, पाठीवरून हात फिरवून सूज आहे का ते पाहणं, मग चहा घेता घेता प्रत्येक स्वयंसेवकाला ‘आज काय दिसलं’ हे विचारून वहीत दोन ओळी. पुढच्या शनिवारी कोण येणार, हे तिथेच लिहून घ्या आणि गुरुवारी संध्याकाळी फोन करून पक्कं करा. नावं कमी पडली तर पालकांना शुक्रवारी सकाळीच कळवा, म्हणजे लांबून येणाऱ्या घरांची खेप वाचते.