फॅब्रिकेशनचं दुकान घालताय? मशीनच्या आधी लाईट बघा

बेळगावात उद्यमबाग नाहीतर मच्छे साईडला गाळा घेऊन फॅब्रिकेशन चालू करणार असाल तर आधी हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, कनेक्शन किती लोडचं मिळतंय आणि थ्री फेज आहे का ते बघा, मशीन नंतर. गेट, ग्रील, जिन्याच्या कामाला २०० अँपिअरची इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, लोखंड कापायची १४ इंची कटऑफ मशीन, ४ इंची ग्राइंडर दोन, म्हणजे एकावर कटिंगचं चाक आणि एकावर ग्राइंडिंगचं, सारखं बदलत बसायला नको, आणि काम घट्ट धरून ठेवायला एक जड व्हाइस, एवढ्यावर भागतंय की. मिग, म्हणजे गॅसच्या आडोशात तारेनं वेल्डिंग करणारी मशीन, आत्ताच कशाला, उघड्यावर वाऱ्यानं गॅस उडतो आणि जोडात बारीक भोकं पडतात. वाचलेले पैसे हेल्मेट, हातमोजे आणि काटकोन बघायच्या चांगल्या गुण्यात घाला, गुण्याच वाकडा असला तर गेटाचे कर्ण कितीही ठोका जुळत नाहीत.