भातखाचरापासून सुरुवात: शाश्वत शेतीचे प्रशिक्षण कसे घ्यावे

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर आणि भिवंडी या तालुक्यांत खरिपाची शेती म्हणजे मुख्यतः भातशेती, त्यामुळे शाश्वत शेतीकडे वळू पाहणाऱ्या इथल्या तरुणाने प्रशिक्षणही भातापासूनच घ्यावे. घाटावरच्या कोरड्या हवामानातले फळबागांचे धडे इथल्या धो धो पावसात फारसे उपयोगी पडत नाहीत.

चौकशी एप्रिल-मे महिन्यांतच करावी. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) ‘आत्मा’ या सरकारी कृषी विस्तार योजनेतील शेतीशाळेविषयी विचारावे. सभागृहातल्या एका दिवसाच्या मेळाव्यापेक्षा शेतीशाळा कितीतरी पटींनी सरस ठरते, कारण तिचे वर्ग पेरणीपासून काढणीपर्यंत प्रत्यक्ष शेतावर भरतात आणि करपा किंवा खोडकिडा दिसला की त्यावर तिथेच बोलता येते. कोकण कृषी विद्यापीठाचे कर्जत येथील संशोधन केंद्र भातावरच काम करते आणि ते आपल्याला जवळही आहे.

प्रशिक्षणाला जाताना माती परीक्षणाचा अहवाल सोबत असावा. नमुना बांधाजवळून किंवा उकिरड्याशेजारून न घेता शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे, वीतभर खोल खड्डे करून घ्यावा आणि सगळी माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी.

पहिला बदल रोपवाटिकेत करावा. आपल्याकडे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, गवत आणि झाडांचे टहाळे जाळून राब भाजण्याची रीत आहे. त्याने तण कमी होते हे खरे, पण खत होऊ शकणारा सगळा पालापाचोळा धुरात जातो. त्याऐवजी गादीवाफे करून त्यांत कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मिसळावी. राखेतल्या सिलिकामुळे रोपे कणखर होतात. बियाणे आधी मिठाच्या 3 टक्के द्रावणात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, बुडवून तरंगणारा पोचट दाणा काढून टाकावा व उरलेले बी स्वच्छ पाण्याने धुवावे.

तुसाची ही राख ‘चारसूत्री’ भात लागवडीतील आहे. राख, हिरवा पाला, ठरावीक अंतरावरची लावणी आणि खताची गोळी ही तिची चार सूत्रे, आणि ही पद्धत शिकण्यासारखी आहे. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावून चिखलणीच्या आठवडाभर आधी त्याच्या फांद्या गुंठ्याला सुमारे 30 किलो या हिशेबाने खाचरात पसराव्यात, आणि पाने गळाली की उरलेल्या काटक्या चुलीसाठी गोळा कराव्यात. लावणी खुणा केलेल्या दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने करावी, म्हणजे चार चुडांचा (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांचा) एक लहान चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी बोटांनी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचली की पावसात वाहून जाणारे नत्र मुळांशी टिकते. दोरी धरणारी दोन माणसे सरावाची नसतील तर ओळी वाकड्या होतात आणि गोळी कुठे खोचायची हेच कळत नाही, म्हणून ही गोष्ट वाचून नव्हे, दुसऱ्याच्या शेतात उभे राहून शिकावी.

मजूर मिळत नसतील तर नेरळची सगुणा राइस टेक्निक पाहावी. तीत कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर चिखलणी आणि लावणी न करता थेट बी टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. मात्र तिच्यात बहुधा तणनाशक वापरले जाते, आणि चारसूत्रीतली गोळीही रासायनिकच असते. ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये ‘सेंद्रिय’ म्हणून तांदूळ विकायचा असेल, तर या दोन्ही गोष्टी वगळून जिवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रावण), शेणखत आणि हिरवळीच्या खतावरच उभे राहावे लागते. त्यासाठी सहभाग हमी पद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून द्यायचे, प्रमाणपत्र किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाला मिळते, तेव्हा प्रशिक्षणाला एकट्याने न जाता शेजारच्या चौघांना घेऊन जाणे शहाणपणाचे.

पहिल्या वर्षी एकाच खाचरात नवी पद्धत करावी आणि शेजारच्या खाचरात नेहमीची. मजुरी, खत, बियाणे आणि झोडणीनंतर मिळालेले भात यांचा हिशेब दोन्हीकडचा वेगळा लिहावा. तो अंदाजाने न सांगता वहीतून वाचून दाखवला, तर घरातले वडीलधारेही पुढच्या मोसमात आणखी एक खाचर सोडायला तयार होतात. भात निघाल्यावर जमिनीत ओल असेतोवर त्याच खाचरात वाल टोकावा. तो पाण्याशिवाय येतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही मिळते.