अमेरिकेत निवडणुकीचा नियम कोणाचा, हे कसे शोधावे

आधी पद पाहा. गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख) किंवा राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक असेल तर बहुतेक नियम राज्याचेच. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची असेल तर राज्यघटनेच्या पहिल्या कलमाचा चौथा विभाग वाचा: वेळ, जागा, पद्धत राज्य ठरवते, पण काँग्रेस त्यात बदल करू शकते. मग केंद्रीय कायदे तपासा. उदाहरणार्थ, परदेशातल्या मतदाराने वेळेत मागितलेली मतपत्रिका राज्याला साधारणपणे मतदानाच्या ४५ दिवस आधी पाठवावी लागते.

खरा घोळ मतदार नोंदणीत होतो. अ‍ॅरिझोना राज्यात नोंदणीच्या केंद्रीय अर्जासोबत नागरिकत्वाचा पुरावा सक्तीचा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पण पुरावा नसेल तर मत फक्त केंद्रीय पदांसाठी देता येते. म्हणून पुरावा जोडाच. मतदान केंद्राची चौकशी बहुतेक राज्यांत काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कार्यालयात करा.