रोमन चांदीची नाणी ओळखताना या चुका टाळा

दिनारियस, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याच्या मागच्या बाजूवर उभी स्त्री दिसली की 'कुणीतरी देवी' म्हणून पुढे जाऊ नका. आधी तिच्या हातांकडे बघा. ऑलिव्हची डहाळी असेल तर बहुधा पॅक्स, म्हणजे शांती. सुकाणू आणि समृद्धीचे शिंग घेतलेली फॉर्च्युना. सापाला भरवते ती सॅलस. एका हातात फूल धरून दुसऱ्याने वस्त्राची कड उचलते ती स्पेस. तराजू मात्र हमखास फसवतो, कारण इक्विटास आणि मोनेटा दोघींकडेही तराजू आणि शिंग असते. तिथे कडेचा लेख वाचल्याशिवाय नाव देऊच नका. लेखात 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो आणि पदव्या आद्याक्षरांत आटोपलेल्या असतात.

नुसत्या नावावरून सम्राट ठरवणे ही पुढची चूक. 'अँटोनिनस पायस' हे नाव त्या सम्राटाशिवाय कॅराकॅला आणि एलागॅबलस यांच्याही नाण्यांवर येते. चेहरा, दाढी आणि बाकीच्या पदव्या एकत्र ताडून पाहा. एलागॅबलसच्या अनेक नाण्यांवर मोकळ्या जागेत छोटी चांदणी असते. सम्राटाच्या डोक्यावर पानांऐवजी किरणांचा मुकुट असेल, तर ते चांदीचे नाणे दिनारियस नसून 215 साली कॅराकॅलाने सुरू केलेले अँटोनिनियानस असण्याची शक्यता जास्त. नाण्यावर सम्राज्ञी असेल तर अँटोनिनियानसची खूण म्हणून खांद्यांखाली चंद्रकोर शोधा.

वजन 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर घ्या. सम्राट नीरोने 64 साली दिनारियसचे वजन उतरवले: आधी सुमारे 3.9 ग्रॅम, नंतर 3.4. पण वजन जुळले म्हणून नाणे अस्सल ठरत नाही. भिंगातून कड तपासा. ओतीव नकलेवर सांध्याची रेघ, बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि बोथट अक्षरे सापडतात. झीज झालेल्या जागी तांबे डोकावत असेल, तर आत तांब्याचा गाभा आहे. अशी मुलामा दिलेली नाणी रोमन काळातही बनत. प्रजासत्ताक काळातल्या काही नाण्यांची दातेरी कड मात्र मुद्दाम केलेली आहे, ते नुकसान नव्हे.

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. सम्राट सेप्टिमियस सेव्हरसने दिनारियसमधली चांदी जवळपास निम्म्यावर आणली होती. अशा मिश्रधातूतले तांबे आम्लात विरघळते आणि पृष्ठभाग सच्छिद्र होतो. माती सुटवायला डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवणे पुरे. जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, तेव्हा वाकलेले नाणे सरळ करायला गेलात तर तुकडे हातात येतील.

दक्षिण भारतात सापडलेल्या ऑगस्टस आणि टायबेरियसच्या काही नाण्यांवर चेहऱ्यावर छिन्नीचा घाव दिसतो. तो प्राचीन आहे. त्याला आजचा ओरखडा समजून घासू नका.