दुधीचा रस घरी कसा करावा: आधी चव, मग मिक्सर

सकाळी कुठल्याही मोठ्या बागेच्या फाटकाशी पाहा, स्टीलच्या डब्यांतून हिरवे-पांढरे रस विकणारा कोणीतरी उभा असतोच. गव्हांकुर, कारलं, आवळा, कोहळा आणि दुधी. चालून आलेली मंडळी घाम पुसत पेला घेतात, तोंड वाकडं करत एका दमात रिकामा करतात आणि तब्येतीसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात घरी जातात. हाच रस घरी करायचा तर पोळ्या लाटण्यापेक्षा सोपा आहे, दहा मिनिटांत होतो. त्यातली चव बघण्याची दोन मिनिटं मात्र टाळायची असतील, तर रस करूच नये. या लेखातला बराचसा मजकूर त्या दोन मिनिटांवरच आहे.

रसातून काय मिळतं

अपेक्षा आधीच बेताची ठेवलेली बरी. शंभर ग्रॅम दुधीत ९५ ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं. उष्मांक पंधराच्या आगेमागे, थोडं क जीवनसत्त्व, थोडं पोटॅशियम. म्हणजे पोटाला हलकं, तहान भागवणारं आणि जवळजवळ बिनसाखरेचं पेय. सकाळच्या गोड चहा-बिस्किटांऐवजी हे घेतलं तर साखर आणि मैदा तेवढा कमी जातो, हा फायदा खरा आहे. पण हृदयातले अडथळे विरघळतात, मधुमेह मुळापासून जातो वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला आधार नाही. रस सुरू केला म्हणून रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी परस्पर बंद करणं हा तर शुद्ध वेडेपणा. आणि रस आवडत नसेल तर चणाडाळ घालून केलेली दुधीची भाजी खावी, तिच्यात चोथा आणि डाळ दोन्ही पोटात जातात. माझं मत विचाराल तर भाजीच उजवी.

दुधी निवडताना

एका वेळी एका माणसाला पाव किलो दुधी पुरे, त्यातून लहान पेलाभर रस निघतो. त्यामुळे अर्ध्या किलोच्या आतला, सडपातळ, कोवळा दुधी घ्यावा. देठ हिरवा आणि ओलसर, साल फिक्या हिरव्या रंगाची, हाताला बारीक लव जाणवणारी. हातात घेतला की आकाराच्या मानाने जड वाटला पाहिजे. नख रुतवून बघायची सवय बऱ्याच जणांना असते, पण भाजीवाली त्यावर रागावते आणि तिचं बरोबर आहे; देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबलं तरी कोवळेपणा कळतो. हलवल्यावर आत बिया खुळखुळत असतील तर तो जून झालेला आहे, रसाच्या कामाचा नाही.

एवढं सगळं पाहूनही दुधी कडू आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. दिसायला देखणा, कोवळा, ताजा दुधीही कडू निघू शकतो.

चव बघणं

दुधी धुऊन, पुसून, दोन्ही टोकं कापून टाका. साल काढा. मग देठाकडून, मधून आणि बुडाकडून अशा तीन पातळ चकत्या घ्या. प्रत्येकीचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून चावा आणि थुंकून द्या. चांगल्या दुधीची चव बेचव, किंचित गोडसर लागते. तिन्हीपैकी एकही तुकडा जरासा कडवट लागला तरी अख्खा दुधी कचऱ्यात. कडू भाग कापून उरलेला वापरायचा नाही. काकडीचं टोक घासून फेस काढतात, तसा प्रकार इथे चालत नाही. मीठ लावून ठेवणं, पाण्यात भिजवणं, उकळणं यावरही विसंबून राहू नका. गुराढोरांपुढेही टाकू नका.

कडूपणा येतो कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. किडे आणि जनावरं यांपासून बचाव व्हावा म्हणून काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या वेली ती तयार करतात. आपण खातो त्या दुधीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने ती जवळपास नाहीशी झाली आहेत, पण कधी बियाण्यातल्या भेसळीने, कधी वेलीला उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडल्याने ती पुन्हा डोकं वर काढतात. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी जो भोपळा वापरतात, तो याच जातीचा कडू भाऊबंद. कडू असल्यामुळे त्याला कीड लागत नाही, आणि म्हणून वाद्य वर्षानुवर्षं टिकतं. किड्याला जे सोसत नाही, ते आपल्या पोटाला सोसेल असं समजण्याचं कारण नाही.

गच्चीवर वेल लावणाऱ्यांनी विशेष जपावं. घरच्या दुधीच्या बिया राखून पुढच्या वर्षी लावल्या आणि आसपास कडू भोपळ्याची वेल असेल, तर परागीकरणातून त्या बियांच्या वेलीला कडू फळ येऊ शकतं. कंपोस्टच्या ढिगावर आपोआप उगवलेल्या वेलीचंही तेच. दर हंगामाला खात्रीच्या दुकानातून बियाणं आणलेलं बरं.

आता खरी अडचण आपल्या डोक्यात आहे. कडू ते औषधी, हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. पाडव्याला कडुनिंब, पोटाला काडेचिराईत, साखरेला कारलं. त्यामुळे रस कडू लागला की माणूस पेला खाली ठेवण्याऐवजी नाक दाबून संपवतो. भाजीचा कडू घास आपण तोंडातून काढतो. रस मात्र ढसाढसा पोटात जातो, त्यामुळे धोका रसातच जास्त. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी अशा घटना तपासून सल्ला दिला: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. तरीही २०१८ मध्ये पुण्यात अशाच रसानंतर एका महिलेचा मृत्यू झाल्याची बातमी आली होती.

दुसरा रस का मिसळायचा नाही, ते उघड आहे. कारल्यात, आवळ्यात दुधीचा कडूपणा लपून जातो. बागेच्या फाटकावरचा रस मी टाळा म्हणतो, तेही याच कारणाने. विकणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण पहाटे दहा-पंधरा दुधी एकत्र वाटताना प्रत्येक चाखलेला असेलच, याची खात्री कोण देणार? त्यात कारलं पडलेलं असलं तर तुम्हालाही काही कळायचं नाही.

रस काढणं

तिन्ही तुकडे गोडसर निघाले की काम सोपं. पाव किलो दुधीच्या फोडी करा, कोवळ्या बिया काढायची गरज नाही. मिक्सरच्या भांड्यात फोडी आणि अर्धी वाटी गार पाणी घालून गुळगुळीत वाटा. धुतलेल्या सुती कापडातून किंवा बारीक गाळणीतून गाळून घ्या. काही घालण्याआधी एक चमचा रस पुन्हा चाखा. ही दुसरी चाचणी, कारण तीन चकत्यांतून सुटलेला कडूपणा वाटल्यावर जिभेला लागतो. रस ठीक असेल तरच चार पुदिन्याची पानं, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ वगळावं. सैंधव घातलं म्हणून सोडियम टळत नाही.

गाळून उरलेला चोथा फेकू नका. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून त्याची थालीपिठं छान खमंग होतात. पाण्याची गरज जवळजवळ लागत नाही, पीठ भिजेल तेवढं पाणी चोथ्यातच असतं.

पिताना

रस केल्याबरोबर प्यावा. ठेवला की काळपट पडतो, आणि कच्चा असल्याने उन्हाळ्यात लवकर खराब होतो. रात्री करून फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा घेत असाल तर अर्ध्या पेल्याने सुरुवात करा, नंतरही दिवसाला एक छोटा पेला पुरे. उपाशीपोटीच घ्यायला हवा असा काही नियम नाही. नाश्त्यानंतर बरं वाटत असेल तर तेव्हा घ्या. रोज घेतलाच पाहिजे असंही नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पोटॅशियमवर बंधन घातलं असेल, तर आधी त्यांना विचारा. लहान मुलांना हा रस द्यायच्या फंदात पडू नये, त्यांना दुधीचं थालीपीठ किंवा हलवा द्यावा.

त्रास झाला तर

कडू घोट गेलाच, आणि त्यानंतर मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब किंवा चक्कर यांतलं काही सुरू झालं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. उलटीत रक्त दिसलं, अंग गार पडलं, घाम सुटला तर रक्तदाब घसरत असण्याची शक्यता असते. या विषावर वेगळा उतारा नाही. सलाइन, रक्तदाब सावरणं, पोटातला रक्तस्राव थांबवणं हाच उपचार, आणि तो रुग्णालयातच होतो. त्रास पहिल्या काही मिनिटांतही सुरू होऊ शकतो, म्हणून "झोपलं की बरं वाटेल" म्हणत थांबू नये. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ ला फोन करा किंवा कोणाला तरी सोबत घ्या. पोहोचल्यावर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कडू दुधीचा रस प्यायलो आहे, किती आणि किती वाजता. नुसतं "पोट बिघडलंय" सांगितलं तर ते बाधलेल्या जेवणाच्या दिशेने शोध घेत बसतील. रस किंवा दुधीचा तुकडा उरला असेल तर तो पिशवीत घालून बरोबर न्या.