हौद्यात कॅम्पर ठेवायचाय? मग पिकअप घेण्याआधी एवढं बघा

आधी कॅम्पर, म्हणजे हौद्यात ठेवायची राहण्याची खोली, ठरवा, पिकअप शेवटी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाला जे वजन सांगेल ते रिकाम्या सांगाड्याचं असतं, म्हणून वही घेऊन स्वतः हिशेब मांडा. सांगाडा ५५० किलो धरू. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो, भरलेला घरगुती सिलिंडर ३० च्या आसपास, इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ५० च्या पुढे. वर गाद्या, भांडी, कपडे आणि केबिनमधली दोन माणसं, तीही भारातच मोजायची. बघता बघता आकडा ९०० वर जातो.

हा आकडा आता आरसीशी ताडून बघा. तिच्यावरच्या भरलेल्या गाडीच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती खरी क्षमता, आणि त्यातली निदान पाव क्षमता शिल्लक राहायला हवी. हायलक्स दिसायला दणकट, पण आपल्याकडे तिची क्षमता अर्ध्या टनाच्या आत. अशा कॅम्परला बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धाच बऱ्या. दोन्हींत १,७०० किलो क्षमतेचं मॉडेल मिळतं. स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतो म्हणाल, तर पाट्यांनी गाडी बसायची थांबेल. अॅक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात. टायरच्या बाजूवरचा भारांकही वाचा: १०८ म्हणजे एका टायरवर १,००० किलो.

मापं घेताना फाळका लावून हौदा आतून मोजा. कॅम्पर उचलायचे चारही जॅक हौद्याच्या बाहेर मोकळे उभे राहिले पाहिजेत. बांधायचं ते टर्नबकलनं (फिरवून ताण द्यायच्या स्क्रूच्या आकड्यानं) थेट चॅसीला, फाळक्याच्या कड्यांना नाही.

कॅम्परचा तोल कुठे पडतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचा गुरुत्वमध्य मागच्या अॅक्सलच्या पुढे हवा. मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टेअरिंग हातात राहत नाही. म्हणून पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनकडच्या भिंतीला घ्या. आपल्या ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. डिझेल, पाणी, माणसं सगळं भरून आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या, मग फक्त मागची चाकं, आणि तो आकडा कंपनीनं दिलेल्या मागच्या अॅक्सलच्या मर्यादेत बसतो का पाहा.

कॅम्पर गाडीला वेल्ड करू नका. तो गाडीतला बदल ठरतो आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. काढता-घालता ठेवलात तरी आरटीओत आधी विचारून घ्या. चालत्या गाडीत मागे कुणालाही बसवायचं नाही, लहान मुलांना तर मुळीच नाही.

जुनी गाडी घेत असाल तर रिकामी चालवून बघण्यात अर्थ नाही. तेवढ्याच वजनाची खताची पोती टाका, गगनबावड्याहून करूळ घाट उतरा आणि परत चढा. उतरताना गिअरमध्ये असूनही ब्रेकचा वास यायला लागला, तर ती गाडी घेऊ नका.