पाय मोडलेला कुत्रा परत मेंढरांमागे नेताना

प्लास्टर निघालं म्हणून कुत्रा लगेच कळपामागे सोडू नका, एक्सरे बघून डॉक्टर हो म्हणाले की मगच, कारण इतके दिवस पाय न टेकल्याने मांडीचं मांस उतरलेलं असतं. आधी दोरीला धरून सपाट रानात दहा मिनिटं चालवा, संध्याकाळी लंगडला तर दुसऱ्या दिवशी आराम. आपली दुखण्याची गोळी मात्र अजिबात नाही हं, आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

मग चार गरीब मेंढरं, लांब दोरी. मेंढा आणि नुकती व्यालेली मेंढी लांबच, धडक देतात. रात्री वाड्यावर राखणीला एकटा ठेवू नका, लांडगा आला की बिचारा दुखरा पाय विसरून धावणारच, म्हणून जोडीला दुसरा कुत्रा आणि गळ्यात खिळ्यांचा पट्टा.